हिवाळ्यात धरणावर गळ टाकायचा तर आधी काय बघायचं

दिवाळी सरली अन् सकाळी धुई पडायला लागली की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, दादा मासा का लागंना, भादव्यात एका दुपारीत तीन-तीन रोहू यायचे अन् आता सकाळपासून बसलोय तर तरंग, म्हणजे गळाच्या दोरीवरचा तरंगता तुकडा, हलायला तयार नाही. मासा कुठं गेलेला नसतो, तो गार पडलेला असतो. माशाचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही, पाणी जेवढं गार तेवढा तो गार, अन् गार पडला की त्याची भूकही मंद होते. त्यामुळं पावसाळ्यातली वेळ, पावसाळ्यातली जागा अन् पावसाळ्यातला लिंबाएवढा कणकेचा गोळा हिवाळ्यात चालत नाही, तिन्ही बदलावं लागतं. पण त्याच्याही आधी एक गोष्ट आहे, परवानगीची, अन् आपल्याकडं हौशी लोक तिथंच सगळ्यात जास्त चुकतात म्हणून तिच्यापासूनच सुरू करतो.

धरण सरकारचं आहे, पाणी सगळ्यांचं आहे, मग गळ टाकायला कुणाला काय विचारायचं असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. पहिल्या हिवाळ्यात मी परभणीकडच्या एका मध्यम तलावावर कुणाला न विचारता बसलो होतो, अर्ध्या तासानं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातानं वल्हवत एक म्हातारबाबा आले, शांतपणे विचारलं, कोणत्या गावचे पाव्हणे, कुणाला इचारून टाकला गळ? मग त्यांनीच सांगितलं की हा तलाव त्यांच्या सोसायटीनं ठेक्यानं घेतलाय, पावसाळ्यात बोटुकली विकत आणून सोडलीय, राखणीला रात्री दोघं तलावावरच झोपतात. बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं मत्स्यबीज. ते ऐकल्यावर माझ्या पिशवीतल्या दोन माशांकडं मला बघवेना. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, म्हणाले पुढच्या बारीला आधी भेटा. तेव्हापासून मी आधी भेटतो.

तर पद्धत अशी आहे. आपल्याकडची बहुतेक धरणं अन् तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थेला नाहीतर ठेकेदाराला ठेक्यानं दिलेले असतात, अन् पाण्यातल्या माशावर हक्क त्या ठेकेदाराचा असतो. कोणत्या तलावाचा ठेका कुणाकडं हे कळायला सोपा रस्ता म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांचं ऑफिस असतं तिथं विचारायचं, किंवा सरळ तलावाच्या गावात जाऊन भोई मंडळींच्या घरी विचारायचं, दहा मिनिटांत चेअरमनचा नाहीतर सचिवाचा नंबर मिळतो. पाझर तलाव, गावतळं असेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा, ठेका तिथून नसला तरी कुठून आहे ते ग्रामसेवक सांगतात. फोनवर नुसतं हो म्हणाले तरी जमेल तिथं चिठ्ठी किंवा पावती घ्या, तारीख अन् किती गळ ते लिहून घ्या. कारण चेअरमन हो म्हणतो अन् राखणीवरच्या पोराला माहीत नसतं, मग काठावर उगीच वाद. काही सोसायट्या दिवसाचे ठरावीक पैसे घेतात, काही किलोवर घेतात, काही म्हणतात धरा अन् सोडा, न्यायचा नाही. जे ठरेल ते पाळा.

आता नाथसागर. पैठणचं जायकवाडी धरण म्हटलं की गळवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं, एवढा अफाट जलाशय, पण तो १९८६ सालापासून पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर अन् अहिल्यानगर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथं लागू आहे, म्हणजे अभयारण्यात शिरायलाच वनविभागाची परवानगी लागते, अन् तिथल्या जीवाला धक्का लावणं हा गुन्हा आहे. काठावरचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगतात, त्यांच्या पोटाचा प्रश्न वेगळा आहे अन् तो त्यांनी अन् सरकारनं सोडवायचा आहे, पण त्यांचा तराफा पाण्यात दिसला म्हणून आपण हौशी माणसानं रॉड काढून बसायचं असं होत नाही. माझं स्पष्ट मत आहे, हिवाळ्यात नाथसागरावर जायचं ते दुर्बीण घेऊन. उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदकं ह्याच दिवसांत उतरतात, त्यांना दलदलीच्या काठावर निवांत चरू द्यावं. गळ टाकायला मराठवाड्यात दुसरं पाणी आहे की, पूर्णेवरचं येलदरी आहे, सिंदफणेवरचं माजलगाव आहे, मांजरा आहे, निम्न दुधना आहे, अन् गावोगावचे तलाव तर किती. प्रत्येक ठिकाणी ठेका अन् हद्द आधी विचारायची, एवढंच.

धरणाच्या भिंतीवरून, दरवाज्यांजवळून अन् सांडव्याच्या खाली गळ टाकू नका, तिथं जलसंपदा विभाग मनाई करतो अन् ती बरोबरच आहे, खालच्या बाजूला पाणी कधी सोडतील ह्याचा भरवसा नसतो. अन् जिलेटिनचा बार उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनचा गुन्हा आहे, सव्वाशे वर्षं झाली तरी काही जण करतात. करंट सोडणारेही आहेत. असं कुठं दिसलं तर स्वतः भांडायला जाऊ नका, सोसायटीला फोन करा, त्यांचा माणूस पंधरा मिनिटांत येतो कारण नुकसान त्यांचं होतंय.

बरं, आता पाण्याकडं वळू.

रोहू, कटला, मृगळ ह्यांना साधारण २५ ते ३० अंशाचं पाणी मानवतं, वीसच्या खाली उतरलं की खाणं एकदम कमी होतं. आपल्याकडं परभणीचा पारा कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पाचच्याही खाली गेल्याचं पेपरात वाचतो, पण ती हवा झाली, पाणी तेवढं गार होत नाही, अन् पाण्याचं पाण्यालाच सारखं नसतं. रात्री वरचा थर गार होतो, गार पाणी जड म्हणून खाली बसतं, पहाटेपर्यंत काठाचं उथळ पाणी सगळ्यात गार झालेलं असतं अन् मासा खोलात, नदीच्या जुन्या पात्रात जाऊन थांबलेला असतो. म्हणून पावसाळ्यासारखं पहाटे चारला उठून स्वेटर-मफलर घालून काठावर जाऊन बसण्यात काही अर्थ नाही, मी दोन हिवाळे ते केलंय. फिश टँकच्या दुकानात मिळतं तसलं साधं थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा अन् स्वतः बघा. डिसेंबरात एका तलावावर सकाळी आठला काठाला १८ दाखवलं, दुपारी दीडला त्याच जागी २२ च्या वर, अन् त्या दिवशी पहिला मासा लागला तो एक वाजून गेल्यावर. तेव्हापासून मी घरून भाकरी खाऊनच निघतो. अकरा ते चार ही खरी वेळ.

अन् जागा, उत्तरेचा काठ. हे हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं गणित आहे अन् फार कमी जण लक्षात घेतात. ह्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, त्यामुळं तलावाच्या उत्तरेकडचा जो काठ आहे, ज्याचा उतार दक्षिणेला तोंड करून आहे, त्याच्यावर दिवसभर ऊन पडतं. शिवाय गार वारं उत्तरेकडून, ईशान्येकडून येतं, ते उत्तर काठाच्या उंचवट्यानं, बाभळीनं अडतं अन् काठालगतचं पाणी शांत राहतं. दक्षिणेच्या काठावर तेच वारं लाटा घेऊन आदळतं. त्यात आपली काळी माती उन्हानं पटकन तापते, दोन-तीन फूट पाण्याखालची काळी जमीन तापली की तिच्यावरचं पाणीही कोमट व्हायला लागतं अन् मासा दुपारी खोलातून तिकडं सरकतो. म्हणून उत्तर काठावर अशी जागा शोधा जिथं काठ उथळ आहे पण वीस-पंचवीस पावलांवर खोल होतो. गळाला नुसतं शिसं बांधून टाकून बघा, दोरी किती जाते त्यावरून खोली कळते. काठावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाण्याखाली जुनी विहीर कुठं आहे, बांध कुठं आहे, नाला कुठून यायचा. धरणात गेलेल्या गावाची माणसं हे अगदी हात करून दाखवतात, ती तिथं आमची मोट होती म्हणून. त्या बांधाच्या कडेला मासा असतोच, फक्त गळ अडकायची तयारी ठेवा.

हवामानाचं म्हणाल तर थंडीची लाट आली त्याचे पहिले दोन दिवस जाऊ नका, पाण्याचं तापमान उतरतीला लागलेलं असतं, मासा तोंड उघडत नाही. लाट तशीच टिकून राहिली तर मासा तिला सरावतो, मग थोडंफार लागतं. अन् मधेच आभाळ येतं, रात्री उबदार होतात, लोक हरभऱ्यावर अळी पडंल म्हणून काळजीत असतात, ते दिवस गळाला चांगले. आणखी एक, रब्बीचं आवर्तन. कालव्याला पाणी सोडलं की तलाव हळूहळू उतरतो अन् पाणी उतरताना मासा काठ सोडून आत जातो. गेल्या गेल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवा, तासाभरात कड काडीपासून चार बोटं मागं सरकली असेल तर गळ लांब टाका.

आता मासा-मासा बघू. हिवाळ्यात माझा सगळ्यात जास्त भरवसा सायप्रिनसवर, म्हणजे कॉमन कार्प, तो मूळचाच थंड मुलखातला, आपल्या थंडीचं त्याला काही वाटत नाही. तळ उकरत फिरतो, त्यामुळं पाण्यावर बारीक बुडबुड्यांची ओळ पुढं पुढं सरकताना दिसली की तिच्या वाटेवर पुढं गळ ठेवायचा, बुडबुड्यांवर नाही. मृगळही तळाचाच. रोहू मधल्या पाण्यातला पण थंडीत तोही खाली बसतो, त्यामुळं आमिष तळापासून वीतभर वर ठेवा. कटला वरच्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, अन् डिसेंबर-जानेवारीत त्याच्या मागं लागणं म्हणजे वेळ घालवणं, फाल्गुनात बघू. मरळ दुपारी गवताच्या कडेला उन्हाला वर येतो, श्वास घ्यायला तोंड वर काढतो तेव्हा पाण्यावर वर्तुळ उठतं, त्याला रबरी बेडूक अगदी हळू ओढत आणायचा. जिवंत बेडूक गळाला टोचू नका. वाम दगडाच्या सांदीत, संध्याकाळी गांडुळावर येते.

काठी बांबूची असो नाहीतर दुकानातला रॉड-रील, हिवाळ्यात दोरी बारीक पाहिजे, पॉइंट पंचवीस ते पॉइंट तीस एमएम, कारण पाणी निवळलेलं असतं अन् जाड दोरी माशाला दिसते. गळ आठ-दहा नंबरचा. आमिष हरभऱ्याच्या दाण्याएवढं, त्याहून मोठं नको. माझं मिश्रण सांगतो, दोन मुठी शेंगदाण्याची पेंड भाजून बारीक केलेली, एक मूठ भाजक्या डाळ्याचं पीठ, एक मूठ कणीक, चिमूटभर हळद, थोडा गूळ, कोमट पाण्यात मळायचं अन् ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पाण्यात पाच-सात मिनिटांत सुटायला पाहिजे असं मऊ. चारा म्हणून फेकायचा तोही थोडा, दोन गोळ्या, अन् अर्ध्या तासानं परत दोन. भुकेला मासा नाही हा, त्याला जेवू घातलं तर तो गळाला येणारच नाही. गार पाण्यात गांडूळ कणकेपेक्षा जास्त चालतं हेही बघा, शेणखताच्या उकिरड्याखालचं लाल बारीक गांडूळ.

तरंग मी अजून ज्वारीच्या धांड्याचाच करतो, बोटभर तुकडा, वरचं साल काढून आतला गाभा ठेवायचा अन् टोकाला लाल रंग. हिवाळ्यातला घास पावसाळ्यासारखा धाडदिशी पडत नाही. शिसं तळाला टेकलेलं, तरंग अर्धा पाण्यात उभा, अन् बघता बघता तो हळूच वर येतो, एक बोट, दोन बोटं, अन् आडवा पडतो, बुडत नाही. नवा माणूस म्हणतो वारं असेल. ते वारं नाही, सायप्रिनसनं तळावरून आमिषासकट शिसं उचललंय म्हणून तरंग मोकळा झाला. तेवढ्यात मनगटानं हलका झटका द्यायचा, खांद्यानं नाही. रोहूचं वेगळं, तरंग दोनदा थरथरतो अन् मग एका बाजूला चालत जातो, चालायला लागला की झटका.

धोक्याचं पण सांगायलाच पाहिजे. पाणी उतरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो अन् आत खीर असते, पाय गुडघ्याच्या वर जातो अन् ओढला की बूट आत राहतो. काठीनं टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका, एकट्यानं जाऊ नका. काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, त्यांच्या केबली गाळातून, पाण्यातून गेलेल्या असतात, जोड उघडा असला तर पाण्यात पाय ठेवला की संपलं, म्हणून मोटारीपासून लांब बसा. वरून विजेची तार जात असेल तर तिच्या खाली रॉड उभा करू नका, कार्बनच्या रॉडमधून करंट येतो. घोणस हिवाळ्यात सकाळी उन्हाला गवतात पडलेली असते, जायला-यायला पायात बूट अन् हातात काठी. अन् गाळपेरीच्या हरभऱ्यातून, गव्हातून वाट काढू नका, पाणी हटलं तशी त्या लोकांनी घाईघाईनं पेरलेली ती जमीन असते, बांधानं फिरून जा.

धरलेल्यातलं काय न्यायचं. सोसायटीनं वजनाची अट घातली असेल तर तीच, नसली तर मी किलोच्या आतला रोहू-कटला ठेवत नाही, तो बहुतेक ह्याच पावसाळ्यात सोडलेला असतो. जानेवारी सरता सरता सायप्रिनसची मादी अंडी घालायला गवताकडं येते, पोट फुगलेलं असतं, ती सोडून द्या, तिची अंडी पाणवनस्पतीला चिकटतात अन् त्यातून तलावात आपोआप पिल्लं होतात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं होतं, तसं झालं की मासाही संपतो अन् परत पहिल्यापासून बोटुकली सोडावी लागते. सोडताना हात ओला करून धरा, कल्ल्यात बोटं घालू नका, गळ खोल गेला असेल तर ओढत बसू नका, दोरी तोंडाजवळ कापा. गळाचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून ठेवला तर हे सगळं सोपं जातं. कासव लागलं तर तसंच, ते कायद्यानं संरक्षित आहे, घरी नेणं लांबच, फोटोसाठीही उलटं करू नका. अन् काळपट, चट्ट्यांचा, मोठ्या मिशांचा आफ्रिकन मांगूर लागला तर तो मात्र परत पाण्यात सोडू नका, तो पाळायलाच बंदी आहे, बाकीचे मासे खाऊन टाकतो, सोसायटीवाल्यांना दाखवा.

तुटलेली दोरी तिथं टाकायची नाही, ह्यावर मी कुणाचं ऐकून घेत नाही. मागच्या पौषात बाभळीच्या खाली एक पाणकावळा बघितला, पंखाला अन् पायाला तंगूस गुंडाळलेला, उडायला गेला की एका बाजूला पडायचा. मित्रानं अंगावर उपरणं टाकून धरला, मी नेलकटरनं एक-एक वेढा कापला, पायाला दोरी आत रुतून मांस दिसत होतं. सोडला तेव्हा लगेच उडाला नाही, चार पावलं चालला, दगडावर पंख पसरून उन्हाला उभा राहिला, मग गेला. कुणीतरी टाकलेली हातभर दोरी होती ती. मी आता पाण्याच्या रिकाम्या बाटलीत दोरीचे तुकडे भरून घरी आणतो, आपलेही अन् दुसऱ्याचेही.

निघताना राखणीवरच्या माणसाला मासे दाखवून, वजन करून, ठरलेले पैसे देऊन पावती खिशात घालायची. घर दोन तासांवर असेल तर मासा तिथंच साफ करून मिठाच्या फडक्यात गुंडाळा, घाण पाण्यात न टाकता खड्ड्यात पुरा. अन् मार्गशीर्ष चालू असेल, घरी मासा चालत नसेल तर आधीच ठरवून जा, सगळे सोडायचे.